आयरिश पायरेट रेडिओची जुनी टेप: कशी ऐकावी, तारीख कशी लावावी, कशी जपावी

आयर्लंडमधल्या बेकायदा, म्हणजे पायरेट, रेडिओ केंद्रांची जुनी ध्वनिमुद्रणं ऐकताना एक गोष्ट आधीच मनाशी पक्की करा: त्यांतली गाणी सगळ्यात कमी मोलाची. ती गाणी आज कुठेही, कितीतरी स्वच्छ आवाजात मिळतात. मोल आहे ते दोन गाण्यांच्या मधल्या ऐवजाला. निवेदकाने सांगितलेली वेळ, कोपऱ्यावरच्या गालिच्याच्या दुकानाची जाहिरात, फोन नंबर, घाईघाईत वाचलेली बातमी, मागे ऐकू येणारी शिट्टी. टेप कुठली आणि कधीची, हे याच ऐवजातून कळतं. आणि नेमका हाच ऐवज लोकांनी कापून टाकलेला असतो. या लेखातली प्रत्येक पायरी हा मधला ऐवज वाचवण्यासाठी आणि वाचण्यासाठी आहे.

लेख दोन प्रकारच्या वाचकांसाठी आहे. एक, ज्यांना ही मुद्रणं इंटरनेटवरच्या संग्रहांतून ऐकायची आहेत. दुसरे, ज्यांच्या हाती खरीखुरी कॅसेट आली आहे. डब्लिनमध्ये किंवा कॉर्कमध्ये राहणाऱ्या मराठी माणसाला चॅरिटी शॉपच्या टोपलीत "रेडिओ, ८३?" एवढंच लिहिलेली कॅसेट सापडणं अजिबात अशक्य नाही.

आधी एवढा इतिहास हवाच

आयर्लंडमध्ये सरकारी प्रसारण १ जानेवारी १९२६ ला सुरू झालं. त्याच वर्षी वायरलेस टेलिग्राफी कायदा आला. परवान्याशिवाय प्रक्षेपण करणं गुन्हा ठरलं, पण दंड किरकोळ होता आणि पुढे कित्येक दशकं तो किरकोळच राहिला. अधिकारी पोलिसांना घेऊन यायचे, ट्रान्समीटर उचलून न्यायचे, आणि केंद्र दुसरा ट्रान्समीटर लावून पुन्हा बोलायला लागायचं. १९७० च्या दशकात डब्लिनमध्ये रेडिओ डब्लिन, एआरडी, बिग डी अशी केंद्रं याच फटीतून उभी राहिली. तरुणांसाठी आरटीई या सरकारी प्रसारण संस्थेकडे फारसं काही नव्हतं. तिचं रेडिओ टू सुरू झालं ३१ मे १९७९ ला, तेही या केंद्रांनी श्रोते पळवल्यावर.

सगळीच केंद्रं पॉप संगीतासाठी निघाली नव्हती. १९७० च्या ईस्टरला पश्चिमेकडच्या कोनेमारात, रॉस मुक गावी, आयरिश बोलणाऱ्या भागाच्या हक्कांसाठी लढणाऱ्या तरुणांनी आयरिश भाषेतलं बेकायदा केंद्र चालवलं. त्यानंतर दोनच वर्षांनी, २ एप्रिल १९७२ ला, त्या भाषेचं सरकारी रेडिओ केंद्र सुरू झालं.

१९८० पासून मामला बदलला. रेडिओ कॅरोलाइन या जहाजावरच्या केंद्रात काम केलेल्या रॉबी डेलने १९८० मध्ये डब्लिनजवळ पोर्टमार्नकला सनशाइन रेडिओ सुरू केलं. त्याचा जुना सहकारी ख्रिस केरी आधी त्याच्याबरोबर होता. तो वेगळा झाला आणि १९८१ मध्ये त्याने रेडिओ नोव्हा काढलं. इथून पुढे घराच्या मागच्या खोलीतला हौशी कारभार मागे पडला. एफएम स्टिरिओ, अमेरिकी थाटाच्या जिंगल्स, पगारी निवेदक, जाहिरात विभाग असा सगळा थाट आला. १८ मे १९८३ ला नोव्हावर छापा पडला, दुसऱ्या दिवशी सनशाइनवर. लोक निषेधाला रस्त्यावर आले आणि थोड्याच दिवसांत दोन्ही केंद्रं परत हवेत आली. नोव्हा १९ मार्च १९८६ ला बंद पडलं. बाकीच्यांचा शेवट १९८८ च्या कायद्यांनी केला. ते डिसेंबरच्या अखेरीस लागू झाले आणि त्यांनी जाहिरात देणाऱ्यालाही गुन्हेगार ठरवलं. जाहिरातच आटली तर केंद्र चालणार कशावर? त्यामुळे १९८८ चे शेवटचे दिवस म्हणजे निरोपाच्या कार्यक्रमांची रांग आहे, आणि संग्रहांत त्या दिवसांची मुद्रणं भरपूर मिळतात. चोरून-लपून बोलणारी केंद्रं त्यानंतरही निघतच राहिली, पण त्यांची गोष्ट वेगळी.

पायरी १: कुठून ऐकायला सुरुवात करावी

आयरिश पायरेट रेडिओ ऑडिओ अर्काइव्ह या नावाचा संग्रह इंटरनेटवर आहे. सुरुवात तिथून करा. तिथे मुद्रणाबरोबर केंद्राची माहितीही लिहिलेली असते, नुसती फाइल टाकून दिलेली नसते. डब्लिन सिटी युनिव्हर्सिटीतही आयरिश पायरेट रेडिओचा संग्रह आहे. त्याखेरीज इंटरनेट अर्काइव्हवर आणि यूट्यूबवर सुटी मुद्रणं विखुरलेली आहेत. तिथे मात्र शीर्षकातली तारीख खरी मानू नका. एकाने चुकीची तारीख लिहिली की पुढचे दहाजण तीच उतरवतात.

ही मुद्रणं बहुतेक करून श्रोत्यांनीच केलेली आहेत. केंद्रं स्वतःचं फारसं काही जपत नव्हती. छापा पडला तर पुरावा नको, आणि कोऱ्या टेपवर खर्चही नको. जपलं ते रेडिओवेड्यांनी. त्यांना तिकडे अनोरॅक म्हणतात. त्यांतले पुष्कळजण ब्रिटनमधून सुट्टी काढून फक्त रेडिओ ऐकायला आयर्लंडला यायचे, हॉटेलच्या खोलीत बसून तासन्‌तास टेप भरायचे. एकाच उन्हाळी आठवड्याची मुद्रणं ढिगाने आणि त्यानंतर सहा महिन्यांचं काहीच नाही, असं दिसलं तर गोंधळू नका.

पहिल्यांदा ऐकताना नोव्हा किंवा सनशाइन निवडू नका, असं माझं मत आहे. ती इतकी सफाईदार आहेत की आजच्या कुठल्याही खासगी एफएमसारखी वाटतात. एखादं गावाकडचं केंद्र घ्या. डंडॉकचं रेडिओ कॅरोसेल, ड्रोहेडाचं बॉइनसाइड, ब्रे गावचं बीएलबी, वॉटरफर्डचं डब्ल्यूएलआर. फर्माईशी, स्थानिक दुकानांच्या जाहिराती, संथ बोलणं. "आपली आवड" ऐकत वाढलेल्या कानाला ते लगेच ओळखीचं वाटेल.

पायरी २: पहिलं ऐकणं, हातात पेन घेऊन

हेडफोन लावा. ऑडॅसिटी हे मोफत सॉफ्टवेअर संगणकावर उतरवून घ्या आणि फाइल त्यात उघडा. थांबत थांबत ऐका आणि मिनिट-सेकंदासह नोंदी करा. नोंद अशी दिसली पाहिजे:

००:०० गाणं अर्धवट सुरू
०१:४२ जिंगल, केंद्राचं नाव, "दोनशे त्रेपन्न"
०१:५० निवेदक वेळ सांगतो, चारला दहा कमी
०२:१५ जाहिरात, फर्निचरचं दुकान, सहा आकडी फोन
०३:०० टेप कापलेली, आवाजाची पातळी बदलते

शेवटची ओळ पाहा. टेप कुठे थांबवून पुन्हा चालू केली ते टिपणं फार गरजेचं आहे, कारण एकाच बाजूवर वेगवेगळ्या दिवसांचे तुकडे असतात. कापल्याच्या आधी सापडलेली तारीख कापल्यानंतरच्या तुकड्याला लावता येत नाही. प्रत्येक तुकडा वेगळा धरा.

उच्चार कळला नाही तर ऐकू आला तसा देवनागरीत लिहा आणि पुढे प्रश्नचिन्ह टाका. आयरिश गावांची नावं पहिल्या झटक्यात कळत नाहीत. आयर्लंडचा नकाशा शेजारी उघडा ठेवला की तिसऱ्या-चौथ्या जाहिरातीपर्यंत केंद्राचा परिसर समोर येतो. जाहिराती देणारी दुकानं एकाच तालुक्यातली असतात. केंद्राचं नाव कुठेच उच्चारलं गेलं नसेल तरी ते कुठल्या गावचं, हे त्यामुळे सुटतं.

पायरी ३: मीटर, किलोहर्ट्झ आणि त्यामागची शिट्टी

जुने निवेदक मीडियम वेव्हची जागा मीटरमध्ये सांगत, नंतरचे किलोहर्ट्झमध्ये. हिशेब सोपा आहे. ३,००,००० ला मीटरने भागा, किलोहर्ट्झ मिळतात. रेडिओ डब्लिन स्वतःला २५३ मीटरवरचं म्हणवायचं. ३,००,००० भागिले २५३ म्हणजे सुमारे ११८६. मीडियम वेव्हची ठरलेली घरं ९ च्या पाढ्यात असतात आणि ११८६ ला सगळ्यात जवळचं घर आहे ११८८. रेडिओ डब्लिन तिथेच होतं. मुंबईच्या विविध भारतीचं घरही ११८८ च, कारण आपल्याकडेही हाच ९ चा पाढा चालतो. पुण्याचं ७९२ आणि नोव्हाचं ८१९ घ्या, दोन्हींना ९ ने भाग जातो.

युरोपात हा पाढा २३ नोव्हेंबर १९७८ ला लागू झाला. त्या रात्री शेकडो केंद्रं एक-एक किलोहर्ट्झ सरकली. पण पायरेट केंद्रांना पाढ्याचं सोयरसुतक नव्हतं. हाताशी जो क्रिस्टल (ट्रान्समीटरची फ्रिक्वेन्सी ठरवणारा स्फटिक) असेल त्यावर ती चालत, आणि दोन घरांच्या मधोमधही बसत. शेजारच्या परदेशी केंद्राशी टक्कर झाली की शिट्टी ऐकू येते, आणि त्या शिट्टीची पट्टी म्हणजे दोन केंद्रांमधलं अंतर. शिट्टी १ किलोहर्ट्झची असेल तर दोघांत १ किलोहर्ट्झचं अंतर आहे. म्हणून "आवाज साफ" करण्याच्या नादात ही शिट्टी पुसून टाकू नका.

एफएम की मीडियम वेव्ह, हे ऑडॅसिटीत स्पेक्ट्रोग्राम (आवाजातले खालचे-वरचे स्वर दाखवणारं चित्र) उघडला की डोळ्यांना दिसतं. मीडियम वेव्हचं मुद्रण साधारण ४ ते ५ किलोहर्ट्झच्या वर रिकामं असतं, एफएमचं बरंच वर जातं. आवाज मंदावतो, परत उसळतो आणि मागे कुठली तरी तिसरीच भाषा ऐकू येते? मग ते मीडियम वेव्ह आहे आणि अंधार पडल्यावर लांबून पकडलेलं आहे. सूर्यास्ताच्या सुमारास हे सुरू झालेलं ऐकू आलं तर महिन्याचाही अंदाज बांधता येतो, कारण डब्लिनमध्ये डिसेंबरात चारच्या आसपास दिवस मावळतो आणि जूनमध्ये रात्री दहाच्या सुमारास.

पायरी ४: तारीख लावणं

खरी मजा इथे आहे.

पहिला नियम असा की गाणं फक्त खालची मर्यादा देतं. गाणं ज्या दिवशी बाजारात आलं त्याच्या आधीचं मुद्रण असू शकत नाही, एवढंच. नंतरचं कितीही असू शकतं. सगळ्यात नवं गाणं शोधा, बाकीची सोडून द्या.

दुसरा नियम असा की मैलाचे दगड पाठ ठेवा. काही फार उपयोगी आहेत. आयरिश पाउंड ३० मार्च १९७९ ला ब्रिटिश पाउंडपासून सुटला, त्यामुळे जाहिरातीत दोन्ही चलनांचे वेगळे भाव आले तर मुद्रण त्यानंतरचं. पोप जॉन पॉल दुसरे २९ सप्टेंबर ते १ ऑक्टोबर १९७९ आयर्लंडमध्ये होते. १४ फेब्रुवारी १९८१ च्या पहाटे डब्लिनच्या स्टारडस्ट नाइटक्लबला आग लागून ४८ जण गेले. टेलिकॉम एरन हे नाव १९८४ पासूनचं, त्याआधी टेलिफोन पोस्ट खात्याकडे होते. डब्लिनची डार्ट लोकल २३ जुलै १९८४ ला धावू लागली. वीस पेन्सचं नाणं १९८६ मध्ये आलं. ऑगस्ट १९८६ च्या अखेरीस चार्ली वादळाने ब्रे गावात पूर आणला. डब्लिनने स्वतःचं सहस्रक १९८८ मध्ये साजरं केलं, आणि त्याच वर्षी १२ जूनला आयर्लंडने फुटबॉलमध्ये इंग्लंडला १-० हरवलं. त्या विजयाचा कैफ पुढचे कित्येक आठवडे निवेदकांच्या बोलण्यात सापडतो.

बातमीत पंतप्रधानाचा उल्लेख येतोच. तिकडे त्या पदाला टीशॉक म्हणतात. हॉही डिसेंबर १९७९ ते जून १९८१. फिट्झजेराल्ड मार्च १९८२ पर्यंत. पुन्हा हॉही त्या डिसेंबरपर्यंत. मग फिट्झजेराल्ड मार्च १९८७ पर्यंत. आणि तिथून पुढे हॉही. एकट्या नावाने काम भागत नाही. दुसरा दुवा लागतोच.

तिसरा नियम, आणि माझ्या मते सगळ्यात बळकट: वार आणि तारीख एकत्र ऐकू आली की सोडू नका. एक नमुना सोडवून पाहू. समजा टेप पहिल्यांदा ऐकताना एवढंच सापडलं: निवेदक म्हणतो, "मंगळवार, बारा तारीख". वाहतुकीच्या बातमीत डार्ट उशिरा धावते आहे. आणि एका जाहिरातीत नोव्हाचा उल्लेख असा येतो की ते केंद्र चालू असल्याचं स्पष्ट व्हावं.

डार्टमुळे खालची मर्यादा २३ जुलै १९८४. नोव्हामुळे वरची १९ मार्च १९८६. या वीस महिन्यांत बारा तारखेला मंगळवार फक्त तीनदा येतो: फेब्रुवारी, मार्च आणि नोव्हेंबर १९८५. जुनं कालनिर्णय हाताशी नसेल तर इंटरनेटवर कुठल्याही वर्षाचं कॅलेंडर काढता येतं. आता परत ऐका. पबची जाहिरात म्हणते, "येत्या रविवारी सेंट पॅट्रिक्स डेला या". सेंट पॅट्रिक्स डे १७ मार्चला असतो, आणि १७ मार्च १९८५ रविवारच होता. मुद्रण १२ मार्च १९८५ चं. चार क्षुल्लक वाक्यांतून दिवस हाती आला. कुणीतरी आधीच ती पबची जाहिरात "कंटाळवाणी" म्हणून कापली असती, तर तीन महिन्यांत अडकून पडलो असतो.

आता फसवे दुवे. नावं परत परत वापरली गेली आहेत. आज डब्लिनमध्ये परवानाधारक रेडिओ नोव्हा आहे, ते २०१० पासूनचं. त्याचा केरीच्या नोव्हाशी नावापुरताच संबंध. क्यू १०२ आणि सनशाइन या नावांचंही तेच झालं आहे. १९७० च्या दशकात डब्लिनमध्ये जमिनीवरून चालणारं एक रेडिओ कॅरोलाइनही होतं. ते जहाजावरचं नव्हे. जहाजावरच्या कॅरोलाइनचाही आयर्लंडशी संबंध आहेच, कारण रोनन ओ'राहिलीने ते जहाज सजवलं आयर्लंडच्या ग्रीनोर बंदरात, १९६४ मध्ये. पण ते समुद्रातून ब्रिटनसाठी बोलत होतं, त्याची मुद्रणं या संग्रहात मिसळू नका. एक फसवा दुवा कानालाही चकवतो. पायरेट केंद्रं रात्री आधी भरलेली टेप लावून निवेदकाला घरी पाठवत. "आत्ता पावणेबारा" असं ऐकू आलं म्हणजे ते त्या क्षणी बोललेलं आहे, असं नाही.

शेवटी तारीख लिहिताना खात्रीही लिहा. "१२ मार्च १९८५, निश्चित", "१९८५ चा वसंत, बहुधा", "१९८४ नंतर". आणि कशावरून, तेही. तारीख चुकली तरी कारण लिहिलेलं असेल तर पुढचा माणूस दुरुस्त करू शकतो.

पायरी ५: हाती कॅसेट असेल तर

चालवण्याची घाई नको. आधी कॅसेटचे, तिच्या डबीचे आणि कागदी पट्टीचे दोन्ही बाजूंनी फोटो काढा. हस्ताक्षर, खोडलेली नावं, टेपची कंपनी, सगळं दिसू द्या. वरच्या कडेचे प्लास्टिकचे दोन्ही चिमुकले टॅब तोडा, म्हणजे चुकून वर काही रेकॉर्ड होणार नाही.

मग टेप उजेडात पाहा. पांढरट किंवा करडी बुरशी दिसली तर ती यंत्रात घालूच नका. तिच्यातले कण हेडवर (टेप वाचणाऱ्या चुंबकी भागावर) बसतात आणि पुढच्या प्रत्येक कॅसेटला लागतात. आयर्लंडचे दमट माळे आणि कोकणातला पावसाळा, दोन्हीकडे हे होतं. अशी कॅसेट वेगळ्या पिशवीत बंद करा, मास्क लावून हाताळा आणि काम जाणत्याकडे द्या. ओव्हनमध्ये टेप भाजायचा सल्ला इंटरनेटवर सापडेल. तो काही विशिष्ट जुन्या स्पूल-टेपांच्या आजारावरचा उपाय आहे, घरगुती कॅसेटवर करू नका.

दुसरी तपासणी म्हणजे दाबपट्टी. टेप हेडला चिकटून राहावी म्हणून मधोमध एक नमद्याचा चौकोन असतो. त्याचा गोंद चाळीस वर्षांत वाळतो आणि चौकोन गळून पडतो. मग आवाज दबका आणि हलता येतो. कॅसेट स्क्रूची असेल तर टेप नव्या चांगल्या कव्हरात घालता येते. चिकटवलेल्या बंद कॅसेटला मात्र पातळ पात्याने उघडावं लागतं. हात स्थिर नसेल तर राहू द्या.

कॅसेटला यूएसबीने जोडायचे स्वस्त प्लास्टिकचे वॉकमनसारखे डबे मिळतात. घेऊ नका. त्यांचा वेग डगमगतो आणि तो दोष नंतर काढता येत नाही. जुना चांगला कॅसेट डेक शोधा. ओळखीत कुणाकडे तरी कपाटावर पडलेला असतोच. पट्टा बदलून घेतला तर तो धावतो. त्याचं हेड आणि टेप ओढणारी धातूची कॅपस्टन-सळई आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या कापसाच्या काडीने पुसा, काडी तपकिरी निघायची थांबेपर्यंत. रबरी रोलरला अल्कोहोल कमीत कमी लावा.

टेप एकदा शेवटपर्यंत पुढे आणि पुन्हा मागे गुंडाळा, ताण सारखा होतो. आता सगळ्यात दुर्लक्षित काम, हेडचा कोन. हेडशेजारी एक बारीक स्क्रू असतो. ज्या यंत्रावर टेप भरली त्याचं हेड किंचित वाकडं असेल, तर तुमचं हेडही तितकंच वाकडं करावं लागतं, नाहीतर वरचे स्वर मारले जातात. टेप चालू ठेवा, आवाज मोनो करा आणि स्क्रू अगदी थोडा थोडा फिरवत स, श, च ही अक्षरं सर्वांत टोकदार कुठे ऐकू येतात ते शोधा. प्रत्येक कॅसेटला हे नव्याने करावं लागतं. कुठलाही "आवाज सुधारणारा" प्रोग्रॅम या दोन मिनिटांच्या कामाची बरोबरी करत नाही.

मीडियम वेव्हचं मुद्रण मोनो असतं, पण स्टिरिओ डेकवर दोन चॅनेल येतात. दोन्ही नोंदवा. ऐकायची प्रत करताना त्यांतला चांगला एकच निवडा. हेडचा कोन जराही चुकलेला असेल तर दोन्ही मिसळल्यावर वरचे स्वर एकमेकांना खोडतात. डेकवरची डॉल्बी (टेपची खरखर कमी करणारी सोय) बंद ठेवा, कॅसेटवर तसं लिहिलेलं असेल तरच चालू करा.

नोंदवायचं ते वेव्ह फाइलमध्ये, २४ बिट आणि ४८ किलोहर्ट्झवर. स्टिरिओत एका तासाला साधारण १ जीबी लागते, आजच्या हार्ड डिस्कला ते काहीच नाही. आवाजाचं शिखर उणे ६ डेसिबलच्या आसपास राहील अशी पातळी ठेवा. कुठलाही फिल्टर, कुठलंही नॉइज रिडक्शन नाही. बाजू संपेपर्यंत थांबवायचं नाही. शेवटची पाच मिनिटं रिकामी वाटली तरी चालू द्या, तिथेच कधी कधी अर्ध्या मिनिटाचं जुनं मुद्रण शिल्लक असतं, नव्याने पुसलं न गेलेलं.

वेग बरोबर आहे का?

गाणं किंचित वरच्या पट्टीत लागतं, निवेदक घाईत वाटतो, अशी शंका आली तर टेपवरची विजेची गुणगुण शोधा. आयर्लंडची वीज ५० हर्ट्झची. मूळ मुद्रणात ती गुणगुण शिरली असेल आणि आता ५१.५ हर्ट्झवर दिसत असेल, तर टेप ३ टक्के जास्त वेगाने धावते आहे. पण भारतात बसून हे करणाऱ्याला एक धोका आहे. आपली वीजही ५० हर्ट्झची, आणि तुमच्या डेकची स्वतःची गुणगुणही त्याच जागी दिसते. म्हणून टेप थांबवून पाहा. रेषा तशीच राहिली तर ती तुमच्या घरची. नाहीशी झाली तर बहुधा टेपवरची, म्हणजे आयर्लंडची. वेगाची दुरुस्ती ऐकायच्या प्रतीत करा, मूळ नोंदीत नव्हे.

पायरी ६: नाव, प्रती आणि काय दाखवायचं, काय नाही

फाइलच्या नावात क्रम असा ठेवा: वर्ष-महिना-दिवस, केंद्र, फ्रिक्वेन्सी, बाजू. जे माहीत नाही तिथे शून्यं. नाव रोमन लिपीत दिलं तर तिकडच्या संग्रहांत गोंधळ होत नाही. तुमच्या नोंदींची साधी टेक्स्ट फाइल त्याच फोल्डरमध्ये हवी, कारण फाइलच्या आत भरलेली माहिती एका यंत्रातून दुसऱ्यात जाताना गळते. तीन प्रती करा, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या घरात. जागा कमी पडली तर मूळ वेव्हची फ्लॅक करा, त्यात काही हरवत नाही. एमपी-थ्री फक्त ऐकायला आणि पाठवायला.

संगीताच्या हक्कांमुळे बरेच लोक गाणी छाटून फक्त निवेदन ठेवतात. सार्वजनिक ठिकाणी टाकायच्या प्रतीसाठी ते ठीक आहे, समजण्यासारखंही आहे. पण छाटलेली प्रत हीच एकमेव प्रत होता कामा नये. तासाला किती गाणी वाजत, जाहिराती किती मिनिटांनी येत, बातमी कधी असे, हे सगळं केंद्र कसं चाललं होतं ते सांगतं, आणि छाटल्यावर ते परत मोजता येत नाही.

फर्माईशींच्या कार्यक्रमात साध्या श्रोत्यांची पूर्ण नावं आणि घराचे पत्ते मोठ्याने वाचले जात. ती माणसं आजही तिथेच राहत असू शकतात. मुद्रणात ती असू द्या, पण सूचीत उतरवू नका, म्हणजे शोधात सापडणार नाहीत. निवेदकांची केंद्रावरची नावं लिहायला हरकत नाही. त्यांची खरी नावं उघड करायचा उद्योग करू नका. त्यांतले कित्येक बेकायदा कामासाठी मुद्दाम टोपणनावाने बोलत होते.

आठवणींच्या गोडव्याबद्दलही एक कडू गोष्ट सांगायला हवी. रेडिओ डब्लिन वर्षानुवर्षं चालवणारा माणूस पुढे बालकांवरील लैंगिक अत्याचारांसाठी न्यायालयात दोषी ठरला. त्या केंद्राची मुद्रणं जपायची, कारण ती इतिहास आहेत. पण त्यांच्या माहितीत ही ओळ असलीच पाहिजे. "तेव्हाची धमाल" असं शीर्षक देऊन ती ओळ वगळणाऱ्या माणसाच्या बाकीच्या नोंदींवरही मी विश्वास ठेवत नाही.

संग्रहाकडे पाठवताना आधी पत्र, मग फाइल. पत्रात टेप कुठे सापडली, कुणी भरली असावी, तारखेचा अंदाज कशावरून केला आणि नोंदीतली कुठली जागा तुम्हाला कळली नाही, हे लिहा. न कळलेल्या जागांची मिनिटं-सेकंद द्या. ब्रे किंवा ड्रोहेडामध्ये वाढलेला माणूस त्या दुकानाचं नाव एका ऐकण्यात सांगतो. आणि डिजिटल प्रत झाली म्हणून मूळ कॅसेट टाकू नका. ती उभी ठेवा, थंड कोरड्या जागी, स्पीकर आणि लोहचुंबकापासून दूर. सिलिका जेलची पुडी सोबत ठेवा आणि दर पावसाळ्यानंतर बदला.